कुंडलिक सोनकांबळे यांची चौथी ओळ

नाव: कुंडलिक ग्यानोबा सोनकांबळे. राहणार: मुलुंड पूर्व. जन्मतारीख: १ जून १९६७, शाळा सोडल्याच्या दाखल्यानुसार. उंची: सहा फूट एक इंच. सद्यःस्थिती: वयाची ५८ वर्षे पूर्ण झाल्याने दि. ३१ मे २०२५ रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त.

एवढ्यावर शासनाचं समाधान होतं. सोसायटीला मात्र कुंडलिक माहीत आहे तो गेटजवळच्या फळ्यामुळे. एकवीस वर्षं तो रोज सकाळी त्यावर दिनविशेष लिहितो. चार ओळी: तीन जगाच्या, चौथी बिल्डिंगची. जगाच्या ओळी लोक चालता चालता वाचतात, चौथीपाशी थांबतात.

चौथी ओळ पुराव्याशिवाय मिळत नाही. एक जूनला तर नाहीच. बिल्डिंगमधल्या नऊ ज्येष्ठांचा जन्म एक जूनचा आहे, कारण गावाकडे आईबापांना तारीख आठवली नाही की मास्तर सरळ एक जून टाकत. "हा वाढदिवस नाही, मास्तरांची सवय आहे," असं सांगून कुंडलिकने नऊही अर्ज फेटाळले होते. त्यातला एक त्याचा स्वतःचा होता.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी फळा असा होता: १९३०, दख्खनची राणी पहिल्यांदा धावली. १९४८, पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. आज जागतिक दूध दिन. २०११, बी विंगची लिफ्ट सुरू.

दुसऱ्या मजल्यावरचा मिथुन वाचत उभा राहिला. "काय काका, लिफ्टला पण वाढदिवस आहे. तुमचाच नाही."

घरी बायको जयाने भर घातली. "अहो, तळमजल्यावरचं मांजरसुद्धा फळ्यावर येऊन गेलं."

कुंडलिक हसला, पण त्याला ते लागलं. एवढ्या तारखा पाठ, आणि आपलीच खरी तारीख ठाऊक नाही. त्याने उदगीरजवळ राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, शकुला, फोन लावला.

"आक्का, माझा जन्म कधीचा गं?"

"आखाडातला. धोंड्याचा महिना नुकताच सरला व्हता. लई चिखल."

"दिवस सांग ना."

"दिवस कुनाला ठावं? सकाळी चावडीवर रेडिओ लागला व्हता, मानूस चांदावर उतरला म्हून. बाबा भाईर उभं राहून ऐकत व्हते. मी सांगाया गेले, पोरगं झालं. तर मलाच म्हनले, थांब, हे संपू दे."

कुंडलिक खुर्चीत बसला. अमेरिकेत तेव्हा वीस जुलै होती, आपल्याकडे एकवीसची सकाळ उजाडली होती. साल १९६९. म्हणजे त्र्याहत्तरच्या जूनमध्ये पहिलीत बसला, तेव्हा त्याला चार वर्षंही पुरी नव्हती.

"मग मास्तरांनी मला सहा वर्षांचा कसा धरला?"

तेव्हाची परीक्षा सोपी होती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की मूल सहा वर्षांचं.

"तुजे हात पयल्यापासनं लांब," शकु म्हणाली. "अन् मुंडकं मी मागनं वाकवलं."

"का पण?"

"तुला सांबाळाया मी घरी, मंग माजी शाळा बंद. तू आत, तर मी बी आत. चार यत्ता शिकले त्यावर, कुंडल्या."

एकवीस जुलैला फळ्यावर ओळी होत्या: १९६०, श्रीलंकेत जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान. १९६९, चंद्रावर माणसाचं पहिलं पाऊल (भारतीय वेळेनुसार). २००७, भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपतींची निवड. आणि खाली: १९६९, कुंडलिक सोनकांबळे, बी विंग. पुरावा: मोठी बहीण.

"काका, कागद कुठाय?" मिथुनने विचारलं. "आम्हाला तर कागद लागायचा."

"कागद आक्कानेच करवून घेतला होता. आता तीच म्हणते, खोटा आहे. याच्या वरचा साक्षीदार आण, तुलाही देतो ओळ."

मिथुनने वाकून ओळ पुन्हा वाचली आणि हात पुढे केला. जयाने गेटवरच शिरा वाटला. नऊपैकी आठ ज्येष्ठांनी दोनदा घेतला, आणि गावाकडे कुणाला फोन करावा याची चर्चा केली.

त्या दिवशी कुंडलिकला छप्पन्न वर्षं पूर्ण झाली.