सहीसाठी घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या घरात कुडाळात नर्सिंग शिकणाऱ्या सहा मुली भाड्याने राहतात. सरावाला त्यांना माणूस लागतो, आणि मी व बायको आयते सापडतो. माझा रक्तदाब त्यांनी इतक्या वेळा मोजला की डावा दंड उजव्यापेक्षा बारीक झाला आणि सदऱ्याची एक बाही आत घालून घ्यावी लागली. खोटं वाटत असेल तर शिंप्याकडे माप आहे. बायको मात्र खूश. आमची मुलगी लग्न होऊन गेल्यापासून ती भिंतींशी बोलायला लागली होती, आणि भिंतीही उत्तरं द्यायला लागल्या होत्या. मुली आल्या आणि भिंती गप्प झाल्या.

मग नियम आला. नात्याबाहेरची माणसं एका घरात भाड्याने ठेवायची तर मालकाला परवाना हवा. त्यासाठी पोलिसांत नोंद, आग विझवायचं नळकांडं, बाहेर पडायला दुसरं दार आणि घराशी कायम राहणारा एक राखणारा माणूस. घर सामाईक असेल तर सगळ्या वाटेकऱ्यांची लेखी संमती. महिनाअखेर परवाना नसेल तर खोल्या रिकाम्या करायच्या. मुलींची शेवटच्या वर्षाची परीक्षा त्यापुढच्याच आठवड्यात होती.

राग यावा तर नियम शहाणा होता, आणि शहाण्या नियमावर रागावता येत नाही. मग मी नुसता फिरू लागलो. पडवीतून विहिरीकडे, विहिरीकडून पडवीत. चहा हातात घेतला की कुठेतरी ठेवायचा आणि दुसरा मागायचा. अंगणात माझ्या पायांनी अशी वाट पडली की शेजाऱ्याच्या गाई तिच्यावरून जाऊ-येऊ लागल्या. बायको म्हणाली, खाली बसा, नाहीतर तुमच्यासाठीच परवाना काढावा लागेल.

नळकांडं आणलं, नोंद केली, माझ्या वाट्यातली मागची भिंत फोडून दार काढायचं ठरवलं. राखणारा मी स्वतःच होणार होतो. उरला वाटेकरी. तो म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, आमचा दादा. घराची दक्षिणेकडची बाजू त्याची. तिथे तो एकटाच राहतो, पण कागदावर घर एकच. मुली आल्या त्या दिवसापासून त्याने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. बोलायचा ते मांजराशी, पण मला ऐकू येईल अशा आवाजात.

मी गेलो तेव्हा तो नारळ सोलत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "सही मी करूचंय नाय."

"दादा, चेडवांची परीक्षा आसा. खंय जातली ती?"

"ठेवताना माका इचारलंस? तुझो रक्तदाब बघूक सहा जणी. माका ताप इलो, तेवा इचारूक मांजार इला."

मी सोललेला एक नारळ उचलला, परत ठेवला आणि निघालो.

आमच्या बाजूला आलो तर मुलींतली सगळ्यात उंच, मालवणची, पडवीत पेटी भरत बसलेली. कोळ्यांची मुलगी, त्यांच्या घरात दहावीपुढे गेलेली पहिलीच. मी म्हटलं, अजून महिना संपला नाही. ती हसली नाही.

"काका, घराकडे गेलंय तर पुस्तक मिटतला आणि स्थळा उघडतली."

त्या दिवसापासून मी जेवतानाही उभा राहू लागलो.

आमच्याकडे भिंत फोडायची तर आधी घराच्या राखणदाराला, म्हणजे जागेच्या देवाला, नारळ ठेवायचा. माणसाला न विचारता चालतं, त्याला नाही. तेव्हा गाऱ्हाणं घालतात. गावाच्या वतीने देवाशी बोलणारा घाडी एकेक मागणं बोलतो आणि जमलेले सगळे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. हे आमच्या तोंडात दूधदातांबरोबर येतं. गावातल्या एकाचा दात काढायचा होता. तो गुंगीत असताना डॉक्टर एकेका दाताला हात लावून विचारत होता, हा का, हा का, आणि हा प्रत्येकाला 'व्हय म्हाराजा'. तीन चांगले दात गेले, दुखणारा अजून आहे.

दादा माझ्याशी बोलत नसला तरी गाऱ्हाण्याला येणारच. न येणं म्हणजे राखणदाराशी वैर. म्हणून मी आदल्या दिवशी घाड्याकडे गेलो आणि मध्येच एक मागणं वाढवायला सांगितलं. तो म्हणाला, देवापुढे लबाडी नको. मी म्हटलं, लबाडी कसली, मागणंच आहे. त्याला अर्धं पटलं. माझा कोंबडा त्याच्या परड्यात गेला तेव्हा उरलेलं पटलं.

सकाळी सगळे मागच्या भिंतीपाशी जमलो. दादा शेवटी, छातीवर हात बांधून. घाड्याने नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान जो नारळ ठेयलो हा, तो मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा."

"शिकूक इलेल्या चेडवांका सुखरूप ठेव."

"व्हय म्हाराजा."

"ह्या घराच्या परवान्याक जो कोण आडवो ऱ्हवलो आसात, त्येच्याच हातान सही होवंदे."

"व्हय म्हाराजा," दादा म्हणाला. त्याचा आवाज मुळातच खर्जातला, सगळ्यांत वेगळा ऐकू आला.

मग त्याच्या ध्यानात आलं. त्याने आधी नारळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आंब्याच्या शेंड्याकडे बघत होतो. राखणदारापुढे दिलेला शब्द मागे घेतला असं आमच्या सात पिढ्यांत झालेलं नाही. दादा पुढे झाला आणि घाड्याच्या कानाशी काहीतरी बोलला. घाड्याने माझ्याकडे बघायचं टाळलं आणि पुन्हा सुरुवात केली.

"आणि बा म्हाराजा, ह्या घराची आणि चेडवांची राखण मोठ्या भावाच्या हातात ऱ्हवांदे. धाकट्यान त्येच्या शब्दाभायर जाव नये."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने मी.

त्याच दुपारी दादाने सही केली. दार झालं, तपासणीला आलेल्या साहेबांनी ते दोनदा उघडून बघितलं, परवाना मिळाला. राखणारा माणूस या जागी दादाचं नाव आहे. उंच मुलीने पेटी पलंगाखाली सरकवली आणि परीक्षा इथूनच दिली.

सरकारचे नियम बोटांवर मोजता येतात. दादाचे मोजायला दोन्ही हातापायांची बोटं घेऊनही मुली अर्ध्यावरच अडकतात. नव्या दाराशी खुर्ची टाकून तो दिवसभर बसतो, आणि मुली येता-जाता त्याचा ताप बघतात, नसला तरी. परवा त्यांच्या खोलीतला पंखा बघायला मी मागून गेलो.

"कोणाक भेटूचा आसा?" दादाने विचारलं.

मी म्हटलं, दादा, मी ह्या घराचा मालक.

"मालक पुढल्या दारान येतत."

पंखा समोर दिसत होता. मी घराला वळसा घालून निघालो.