पान सतरा

दीनानाथ टिकेकर हा आमच्या नाटकांचा प्रॉम्प्टर. दिवसा सरकारी कचेरीत कारकून, संध्याकाळी विंगेत हातात वही. नट अडला की तो पहिले दोनच शब्द द्यायचा. "तिसरा तुमचा," म्हणायचा. माझ्या निम्म्या टाळ्या त्याच्या होत्या. तेव्हा मी हे कबूल केलं नाही, आज करतो.

२००२ साली त्याच्या टेबलावर कॉम्प्युटर आला. निराधार विधवांचं पेन्शन नाकारलं गेलं की त्या अपील करत. सुनावणीत साहेब निकाल सांगत आणि दीनानाथ तो तिथल्या तिथे प्रोग्राममध्ये भरी. एकदा सेव्ह केलं की नोंद कुलूपबंद. ती उघडायला वरच्या कार्यालयाला लिहावं लागे, आणि वरून सहसा उत्तर येत नसे.

एका संध्याकाळी तो कोथरूडला माझ्याकडे आला, तो बसेचना. वासंतीने, माझ्या पत्नीने, चहा दिला. कप हातात धरून तो दार ते खिडकी फेऱ्या घालत सांगू लागला.

त्या दिवशी लोणी काळभोरच्या सरुबाई साहेबांपुढे उभ्या होत्या. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला जोडला नाही, म्हणून त्यांचा अर्ज फेटाळलेला.

"दिला हाय, साहेब."

"फाईलमध्ये नाही, बाई. टिकेकर, लिहा. नामंजूर."

दाखला होता. पानांना नंबर घालताना दीनानाथने तो पाहिला होता, रेशनकार्डाच्या झेरॉक्सला मागून चिकटलेला. पण सुनावणीत कारकुनाने तोंड उघडायचं नाही, हा साहेबांचा नियम. त्याने नामंजूर भरलं. सेव्ह करायला बोट उचललं. सरुबाईंनी पिशवी उचलली.

"नोंद वाचून दाखवतो, साहेब," तो म्हणाला. "नामंजूर. कारण, दाखला नाही. पान सतरा..."

आणि गप्प बसला.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. सतरावं पान काढलं, झेरॉक्स नखाने सोडवली.

"मंजूर लिहा," ते म्हणाले. "आणि टिकेकर, तुमचं नाटक सुटलं ना? की अजून विंगेतच आहात?"

"बाईंचं काम झालं की," मी खुर्ची पुढे सरकवत दीनानाथला म्हणालो. "बस आता."

"त्यांचं झालं रे. पानांना नंबर घालायला मी गेल्या महिन्यात लागलो. त्याआधीच्या दोनशे नोंदी मान खाली घालून सेव्ह केल्यात. त्या फायलींत काय काय चिकटलेलं असेल?"

चहा तसाच ठेवून तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो कचेरीत तासभर आधी जाऊ लागला. जुनी एकेक फाईल काढून पान न् पान सोडवायचा. चिकटलेला दाखला सापडला की वर पत्र लिहायचा. निवृत्त होईपर्यंत अशी अकरा पत्रं झाली. चार नोंदी उघडल्या. उरलेल्या सात बायकांची नावं त्याला वहीशिवाय पाठ होती.