दुसरी पट्टी

चाकणच्या कंपनीत सकाळच्या शिफ्टला माझ्या छातीत कळ आली आणि डावा हात जड झाला. सुपरवायझरनं मला जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टर पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या. त्यांनी चघळायला गोळी दिली, ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, "ईसीजीची पट्टी नॉर्मल आहे, पण थांबा."

कळ ओसरली होती. मी उठून शर्टाची बटणं लावू लागलो. "ॲसिडिटी असेल, सिस्टर. जातो मी."

त्यांनी माझे बूट पायानंच खाटेखाली सारले. "झोपा गप. आमच्या मालकांचीबी पहिली पट्टी चांगलीच आली होती. मीच त्यांना घरी नेलं, अन् त्याच रात्री माझं कुंकू पुसलं."

मग मी हललोच नाही. प्रत्येक ठोका शेवटचा वाटत होता. माझ्या मनगटावर बोटं ठेवून त्या शेजारी बसून राहिल्या.

अर्ध्या तासानं काढलेली दुसरी पट्टी बघताच त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. आवाज शांत होता, पण माझं मनगट त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

"मी वाचेन ना?" रुग्णवाहिकेत चढवताना मी विचारलं.

"वेळेत निघालाय तुम्ही," एवढंच त्या म्हणाल्या.

दुपारी पिंपरीच्या रुग्णालयात डॉक्टरांनी माझी बंद रक्तवाहिनी उघडली. सकाळी दवाखान्याच्या त्या खोलीत माझ्याहून जास्त घाबरलेलं कुणीतरी होतं, म्हणून मी वाचलो.