जीन्सचा एप्रन आणि त्याचं गिऱ्हाईक

उद्योजकता शिकवून येते का, या प्रश्नापायी मी ऐन उमेदीची वर्षं घालवली आणि शेवटी त्यावर डॉक्टरेटही मिळवली. घरात या पदवीला कवडीची किंमत नाही. रद्दीवाला दारात आला की नवरा मला स्वयंपाकघरात पाठवतो, कारण मी बोलायला लागले की भाव उतरतो असं त्याचं निरीक्षण आहे. आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहतो आणि मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात उद्योजकता हा विषय शिकवते. पट्टीच्या पोहणाऱ्यांच्या गावात पोहण्याचा क्लास काढावा, तसा हा प्रकार आहे. पण पगार वेळेवर होतो, त्यामुळे माझी तक्रार नाही.

दरवर्षी पहिल्या तासाला मी वर्गाला एक प्रश्नावली देते. स्वतःचा व्यवसाय करण्याची तुमची इच्छा किती तीव्र आहे, असा त्यात एक प्रश्न असतो. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका सिंधी मुलाने ‘अजिबात नाही’ यावर खूण केली. हा मुलगा कॉलेज सुटलं की थेट उल्हासनगरच्याच कॅम्प तीन या वस्तीतल्या वडिलांच्या दुकानात जाऊन बसायचा आणि दिवाळीच्या आधी महिनाभर तर कॉलेजचं तोंडही पाहायचा नाही. मी त्याला विचारलं, मग तू दुपारी करतोस ते काय? तो गोंधळून म्हणाला, ‘मॅडम, वो तो दुकान है.’ आणि ज्यांनी ‘अतिशय तीव्र’ यावर ठसठशीत खुणा केल्या होत्या, ते झाडून सगळे संध्याकाळी तलाठी भरतीच्या क्लासला जात होते. अशा माहितीवर मी शोधनिबंध लिहिते, आणि लोक ते छापतातही.

त्याच वर्गात बारवी धरणाच्या अलीकडच्या एका पाड्यावरून येणारी मुलगी होती. कमी बोलायची, पण एकदा बोलली की मागे हटायची नाही. तिची आई बदलापूर पश्चिमेला, बेलवलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला बसून भाजी विकायची. भाजी म्हणजे हंगामात जे मिळेल ते: पावसाळ्यात शेवळं नि करटोली, उन्हाळ्यात कोवळे फणस, करवंदं, मग जांभळं.

माझ्या विषयात परीक्षेऐवजी प्रकल्प असतो. प्रत्येकाने एक वस्तू बनवायची आणि शेवटी बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना तिचं एक खरं गिऱ्हाईक दाखवायचं. खरं गिऱ्हाईक म्हणजे जो वस्तू स्वतःच्या मर्जीने घेतो आणि रोज वापरतो. मावशी, आत्या, शेजारच्या काकू चालणार नाहीत हे मी दरवर्षी घसा फोडून सांगते. आई चालणार नाही, हे सांगायचं मात्र माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

या मुलीने जीन्सचा एप्रन शिवला. उल्हासनगरात जीन्स शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्या दाराशी कापडाच्या कातरणीचे ढीग पडलेले असतात. त्यातले मोठे तुकडे वेचून तिने ते जोडले. आईचे पैसे पदराच्या गाठीत, मोबाइल पोलक्यात, सुरी टोपलीखाली. गिऱ्हाईक आलं की ही सगळी शोधाशोध फणसाच्या चिकाने माखलेल्या हातांनी करायची. म्हणून एप्रनला एक खिसा नोटांचा, एक चिल्लरचा, एक झाकणाचा खिसा मोबाइलचा आणि बाजूला सुरीसाठी जाड म्यान. वर्गात तिने तो अंगावर चढवून दाखवला तेव्हा मी मनापासून खूश झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मोबाइलचं ॲप सोडून दुसरं काहीतरी बनवून आणलं होतं.

गिऱ्हाईक कोण, म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘आई.’

मी नियम आठवून पाहिला. त्यात आई नव्हती. म्हटलं ठीक आहे, पण तिने तो रोज वापरला पाहिजे.

तिथेच घोडं अडलं. आईने एप्रन हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, छान आहे म्हणाली आणि घडी घालून आत नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी बाजाराला निघाली ती पदराला गाठ मारूनच. तिसऱ्या दिवशीही तसंच. मी दर तासाला विचारायची, आईने घातला का, आणि ती नकारार्थी मान हलवायची. हॉटेलातली पोरं घालतात तसं दिसतं म्हणून आईला लाज वाटत असेल, असा मुलीचा अंदाज होता. आपण शिकून जे पहिलं काहीतरी केलं त्याची आईला लाज वाटावी, हे तिला लागलं होतं, आणि तिच्याकडे बघून मलाही वाईट वाटलं. मी सुचवलं की दुसरं गिऱ्हाईक बघ, बाजारात बायकांची काय कमी आहे. ती म्हणाली, ‘नाही मॅडम, आईच.’

शिवण कच्ची आहे, म्हणून आईला आवडत नसेल, असं मग आम्ही दोघींनी ठरवलं. चांगल्या मशीनवर पक्की करून घेऊ म्हणून मी तिला घेऊन कॅम्प तीनमधल्या एका कारखान्यात गेले. मालक वयस्कर सिंधी गृहस्थ, चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं. त्यांनी एप्रन हातात घेऊन कापड चाचपलं आणि सहज विचारलं, हे कुणासाठी? बस्स, मला कुणीतरी विचारायचीच खोटी होती. मी त्यांना भाजीवालीची अडचण समजावली, तीन खिशांमागचा विचार समजावला, बदलापुरात, अंबरनाथला, वांगणीला अशा किती बायका बसतात ते सांगितलं, आणि मासळीवाल्यांनाही हे कसं चालेल तेही वर जोडलं. फळा नव्हता, नाहीतर आकृतीही काढली असती. ते शांतपणे ऐकत होते. वर्गात माझं इतकं मन लावून कुणी ऐकत नाही, म्हणून मी भलतीच रंगले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुहेरी शिवण घालून एप्रन परत दिला आणि पैसेही घेतले नाहीत. सज्जन माणूस, असं मी घरी येऊन सांगितलं. नवरा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला की उल्हासनगरात कोणी पैसे घेतले नाहीत तर जरा सावध राहावं.

पक्की शिवण पाहून आई म्हणाली, आता तर फारच छान झाला. आणि परत आत नेऊन ठेवला. त्या दिवशी मुलगी आईशी एक शब्द बोलली नाही.

पुढे काही दिवसांनी मी शेअर रिक्षातून कॅम्प तीनच्या बाजारातून चालले होते, दोन धिप्पाड माणसांच्या मध्ये दबून. बाहेर एका दुकानावर दोरीला ओळीने जीन्सचे एप्रन लटकले होते. तीन खिसे. बाजूला म्यान. मी रिक्षावाल्याला असं ओरडले की त्याने खरोखरच ब्रेक मारला. उतरून बघते तर मोबाइलच्या खिशाला झाकणाऐवजी चेन, गळ्यातला बंद पाठीवर फुलीसारखा फिरवलेला, आणि छातीवर सोनेरी धाग्यात कुठल्याशा परदेशी कंपनीचं लेबल. पुढच्या दुकानात तेच. त्याच्या पुढच्यातही.

माझा पारा चढला की मला हिंदी येत नाही, तरी मी तशीच कारखान्यात शिरले आणि अर्धं मराठी, अर्धं हिंदी असं बौद्धिक संपदेवरचं अख्खं प्रकरण त्यांच्यासमोर म्हणून टाकलं. मशिनी थांबल्या. मालकांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि माझं संपल्यावर खऱ्याखुऱ्या आश्चर्याने म्हणाले, ‘मॅडम, आपने ही तो इतना अच्छा समझाया था. फिर बनाता कैसे नहीं?’

उद्योजकता शिकवून येते का, या प्रश्नाचा इतका सरळ पुरावा माझ्या प्रबंधातही नव्हता. एक व्याख्यान दिलं आणि पंधरवड्याच्या आत बाजारात माल आला. पुढे मी हा अनुभव एका शोधनिबंधात घातला तेव्हा तपासणाऱ्याने शेरा मारला की नमुना फार लहान आहे. चहा मात्र चांगला होता, आणि निघताना मालकांनी सांगितलं की मुलीला पुढचं काही सुचलं तर तिला आधी माझ्याकडेच पाठवा, या वेळी तिला पैसे देईन. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. मुलीने नंतर हे ऐकलं आणि विचार करून सांगते म्हणाली.

मी तिची समजूत काढायच्या तयारीने गेले होते. चोरी, फसवणूक, अन्याय असे शब्द जमवून ठेवले होते. तिने एवढंच विचारलं की बायका घेतायत का. घेतायत म्हटल्यावर जरा हसून म्हणाली, ‘म्हणजे माझी आई सोडून सगळ्यांना आवडला.’

सादरीकरण आठवड्यावर आलं होतं. मी ठरवलं, आता आपणच जाऊन त्या माउलीला समजवावं. रविवारी सकाळी आम्ही दोघी बदलापूर पश्चिमेला गेलो. उन्हं चढली होती, रस्त्याच्या कडेने बायका बसल्या होत्या, आणि बघते तर दर दोघी-तिघींमागे एकीच्या छातीवर ते सोनेरी परदेशी लेबल चमकत होतं. एकजण चेन ओढून खिशातून सुटे काढून देत होती. राग यायला हवा होता, पण मला हसू फुटलं. मुलगी मात्र पुढे चालता चालता जागच्या जागी थांबली.

तिची आई कोवळे फणस मांडून बसली होती. अंगावर एप्रन होता. लेबलवाला.

मुलीचा चेहरा पाहवेना. ती टोपलीजवळ जाऊन उभी राहिली आणि माझ्यासमोर, गिऱ्हाइकांसमोर, कुणाचीही पर्वा न करता आईला म्हणाली, ‘मी शिवलेला तुला नको झाला, आणि हा विकत घेऊन घातलास?’

आईने आधी गिऱ्हाइकाला फणस दिला, पैसे खिशात टाकले आणि मग वर पाहिलं. तिला बहुधा प्रश्नच कळला नव्हता.

‘मंग काय करू?’ ती म्हणाली. ‘या फणसाचा चीक मेला कापडाला लागला का निगत नाय. तुजा पेटीत ठेवलाय. माज्या लग्नातल्या लुगड्याखाली.’

‘अगं, चीक लागायलाच शिवला होता तो.’

‘लागायला?’ आई माझ्याकडे वळली, जणू मीच या पोरीला बिघडवली होती. ‘बाय, सांगा हिला. पोरीनं पयलं शिवल्यालं असं चिकात घालायचं व्हय?’

मुलगी खाली बसली आणि आईच्या एप्रनचा बंद सैल झाला होता तो पाठीमागून नीट बांधायला लागली. बांधता बांधता पुटपुटली की गळ्यापेक्षा हा पाठीवरचा बंद बरा आहे, आपल्याला सुचायला हवा होता. मी तीन फणस विकत घेतले. घासाघीस केली नाही. घरी त्यावरूनही ऐकावं लागलं.

सादरीकरणाच्या दिवशी एक अडचण तशीच होती. नियमाप्रमाणे मुलीकडे गिऱ्हाईक नव्हतं. तिने जे शिवलं ते कुणी वापरत नव्हतं, आणि जे सगळे वापरत होते ते तिने शिवलं नव्हतं. परीक्षक बाहेरून आलेले, शिस्तीचे, नियम वाचून आलेले. मी आदल्या दिवशी तिला सांगितलं होतं की जे झालं ते खरं सांग, कमी गुण मिळाले तर मिळाले.

तिचा नंबर आला आणि दारात तिची आई उभी राहिली. अंगावर लग्नातलं लुगडं आणि त्यावर मुलीने शिवलेला, इस्त्री केलेला जीन्सचा एप्रन. खिसे रिकामे. आई येणार हे मुलीलाही ठाऊक नव्हतं.

परीक्षकांनी चष्मा सारखा करून विचारलं, हा तुम्ही रोज वापरता का? ती म्हणाली, नाही, आज पहिल्यांदाच घातला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर. मग त्यांनी मऊ आवाजात, पण नियमाला धरून विचारलं की मग तुम्ही हिचं गिऱ्हाईक कशा?

‘मी कुठं गिराईक? मी आई हाय,’ ती म्हणाली. ‘हिचं गिराईक बदलापूरला रस्त्यावर बसल्यात. जाऊन बगा.’

परीक्षकांनी गुण चांगले दिले. मुलीने तो सगळा तास आईच्या शेजारी उभं राहून काढला, आणि मधूनच एप्रनवरून हात फिरवत होती.

बाहेर व्हरांड्यात आईने मला नमस्कार केला. मी म्हटलं, थांबा, चहा घ्या, तर म्हणाली की वेळ नाही, करवंदं तशीच पडलीत. तिने एप्रन सोडला, पायरीवर पसरून त्याची व्यवस्थित घडी घातली आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. त्याच पिशवीतून सोनेरी लेबलवाला काढला, लुगड्यावर बांधला, चेन ओढून रिक्षाचे सुटे पैसे चाचपले आणि बाजाराला निघून गेली.