चिपमधली झाडलोट

आमच्या ताईच्या रागाला घाई नसते. लहानपणी मी तिची कंपासपेटी मोडली, तेव्हा ती चकार शब्द बोलली नाही. चार महिन्यांनी माझ्या वाढदिवसाच्या फ्रॉकची बटणं गायब झाली.

ताई चिपचे आराखडे काढायची. प्रोग्राम चालताना मेमरीत शेकडो वस्तू, म्हणजे माहितीचे तुकडे, तयार होतात. ज्या वस्तूचा पत्ता कुणाकडेच उरत नाही, तो कचरा. तो झाडायला एरवी प्रोग्रामला मध्येच थांबावं लागतं. ताईने झाडलोट चिपलाच करायला लावली, तीही काम न थांबवता. सहा वर्षं खपली बिचारी. आराखड्यावर नाव लागलं तिच्या साहेबांचं, आणि ताईची रवानगी तपासणी विभागात झाली.

चिप लहान करायची म्हणून साहेबांनी आराखड्यातला एक पहारा उडवला. झाडलोट चालू असताना एखादा पत्ता इकडचा तिकडे हलला, तर तो पहारा चिपला सावध करायचा. तो नसला की चिप कधीमधी वापरातली वस्तूही फेकते. तपासणीत ताईला हे दोनदा दिसलं. तिने दुरुस्ती कागदावर उतरवली, कागद पर्समध्ये ठेवला आणि अहवालात 'ठीक' लिहिलं.

"सगळ्यांसमोर तोंडावर पडू दे त्याला," ती मला म्हणाली. मला त्यात काही गैर वाटलं नाही. खरं सांगायचं तर मजाच वाटली.

तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकांपुढे प्रात्यक्षिक झालं. पडद्यावर वीस रुग्णांच्या नाडीच्या ओळी होत्या, सगळ्या लुटुपुटूच्या. साहेबांचं भाषण रंगात आलं आणि सातवी ओळ नाहीशी झाली, मग तेरावी. कंपनीच्या मालकांनी कारण विचारलं, तर साहेबांची बोबडी वळली. आपण काय उडवलं होतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ताई उठली, फळ्यावर चूक समजावली आणि पर्समधला कागद मालकांपुढे ठेवला.

तपासणीतली माणसं प्रत्येक कागदावर सही आणि तारीख टाकतात. हात आपोआप चालतो. ताईचाही चालला होता.

"तीन आठवडे ठाऊक होतं तुम्हाला?" मालकांनी विचारलं.

"हो."

संध्याकाळपर्यंत दोघांनाही घरी बसवलं. दुरुस्त चिपच्या आराखड्यावर आता मालकांच्या जावयाचं नाव आहे. एवढं करून मिळवलंस काय, असं मी जेवताना चिडून विचारलं.

"माझं नाव नाही लागलं," ताई म्हणाली, "पण त्याचं तर पुसलं गेलं. भाजी वाढ जरा."