फोनची वही

माझा राग जुना आहे आणि तो मी जपून ठेवलाय. लोक म्हणतात, सोडून द्या मॅडम, किती वर्षं झाली. का सोडू?

मी बेळगावकडची. एमबीबीएस करून बेंगळुरूला मेडिसिनची रेसिडेंट म्हणून आले, तेव्हा आमच्या युनिटच्या प्रमुखांची एक वही होती. नर्सच्या टेबलाला दोरीनं बांधलेली, लांबोडकी. ड्यूटीवरच्या रेसिडेंटनं सरांना घरी फोन केला, की त्यात वेळ, खाटेचा नंबर आणि कारण लिहायचं. सोमवारी राऊंडला सर म्हणायचे, "वाचा." ज्यानं फोन केला असेल त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून आपली ओळ वाचायची. बाकीच्यांना ते इंग्रजीत झापायचे. मी मराठी, तेही मराठी, म्हणून मला खास मायबोलीत. "एवढंही कळत नाही? डिग्री काय बाजारातून आणलीस?" वर पुढच्या रविवारची ड्यूटी बक्षीस.

त्यातून आम्ही एकच गोष्ट शिकलो, फोन न करणं.

असाच एक रविवार. चौदा नंबरच्या खाटेवर चामराजपेटच्या एका टेलरची बायको होती, डेंग्यूची. ताप उतरला होता, आणि डेंग्यूत ताप उतरल्यावरच खरं सांभाळायचं असतं हे मला पाठ होतं. दुपारी दोनला तिचा नवरा धावत आला. "अक्का, कै तण्णगिदे." तिचे हात खरंच गार पडले होते. मी नाडी पाहिली, सलाईन वाढवलं, आणि त्या वहीकडे पाहिलं. त्या आठवड्यात माझ्या दोन ओळी आधीच होत्या. म्हटलं, अर्धा तास बघू. मग आणखी अर्धा तास. तो बिचारा पुन्हा पुन्हा यायचा, "अक्का, स्वल्प बंदु नोडी," जरा येऊन बघा ना, म्हणायचा. मी फोन केला तेव्हा पावणेपाच झाले होते. सोमवारी सकाळी ती गेली.

आणि राऊंडला, त्या नवऱ्याच्या देखत, सर मला काय म्हणाले, तेही त्याला कळावं म्हणून कन्नडमध्ये? "अगं, मला आधी नाही का कळवायचंस?"

आवाज कसा मऊ, मायेचा! टेलर माझ्याकडे बघत राहिला. तुमच्याच वहीला घाबरले हो, असं ओरडावंसं वाटलं होतं. नाही ओरडले. आजही त्याच्या दुकानावरून जायची वेळ आली तर मी रस्ता बदलते.

सर रिटायर झाले तेव्हा त्यांच्या खोलीतली रद्दी बाहेर निघाली. त्यातून ती वही मी सरळ चोरली. पुढं युनिट माझ्याकडं आलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्याच टेबलाला नवी वही बांधली. नियम उलटा. फोन का केला, हे आता कुणी विचारायचं नाही. मी विचारते, का नाही केला? आणि प्रत्येक ओळीसमोर मोठ्या डॉक्टरनं आपल्या हातानं लिहायचं, मी किती वाजता पोचलो आणि काय केलं. खाली सही. बरोबरीचे डॉक्टर कुरकुरले, रेसिडेंट लाडावून ठेवलेत म्हणाले. ठेवलेत. तुमच्या पोटात का दुखतंय?

गेल्या वर्षी सर माझ्याच वॉर्डात भरती झाले. चक्कर येत होती, पोटात जळजळत होतं. रविवारी ड्यूटीवर नागपूरची एक पोरगी होती, पहिल्या वर्षाची. तिला सरांचे हात गार लागले. नाडी पळत होती. सर म्हणाले, गॅसेस आहेत, मी चाळीस वर्षं डॉक्टर आहे, मॅडमना फोन करायचा नाही. तिनं त्यांच्यासमोरच केला.

जे. पी. नगरला घरी मी जेवायला बसले होते. ताट तसंच टाकून निघाले. गुडघ्यांसाठी सर वाट्टेल तशा गोळ्या खात होते, पोटातल्या अल्सरमधून आत रक्त वाहत होतं, आणि शौचाला काळं होतंय हे त्यांनी लपवलं होतं. रक्त चढवलं, दुर्बिणीतून जखम बंद केली. वाचले. खोटं कशाला बोलू, तो माणूस मरू नये असं मला मनापासून वाटत होतं. मेला असता तर माझा हिशेब कुणाशी?

तीन दिवसांनी ते उठून बसले. मी राऊंड त्यांच्या खाटेशी थांबवला. पोरीला म्हटलं, "वाचा."

तिनं वाचलं. "दुपारी एक दहा. हात गार, नाडी एकशे वीस. पेशंट म्हणतात फोन करू नको. मला भीती वाटली म्हणून केला."

"सर, चुकलं का हिचं?"

उत्तरासाठी मी थांबले नाही. सगळ्यांना मी पुढं पाठवलं आणि पिशवीतून जुनी वही काढली. चौदा नंबर. पावणेपाच. माझं तेव्हाचं घाबरट अक्षर.

"दोनला हात गार पडले, फोन पावणेपाचला आला. का, ते लिहा."

"अजून राग आहे तुझा?"

"आहे."

त्यांनी लिहिलं, 'मला घाबरून.'

"झालं समाधान?"

"सही राहिली, सर."

त्यांनी सही केली. आता नवे रेसिडेंट आले की पहिल्या दिवशी मी ते पान वाचते. आधी माझी ओळ, पावणेपाचची. मग त्यांची.

हे त्यांच्या कानावर गेलं. तपासणीला आले तेव्हा हळूच म्हणाले, "ते पान फाडून टाकलंस तर बरं होईल. या वयात शोभत नाही गं."

"मी कोण फाडणारी, सर?" मी म्हटलं. "चामराजपेटला दुकान आहे त्या टेलरचं. पत्ता लिहून देते. तुम्हीच विचारून या."

मी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली. पान अजून वहीतच आहे.