तुम्ही श्वास घ्या, नाव मी घेतो

अशा विषयावर लिहावं एवढी माझी पात्रता नाही. ना माझा कधी पाठ, ना उपास. निपाणीकडच्या खेड्यातून बेंगळुरूला आलेला, आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्यात काही चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

विद्यापीठात आम्हाला तातडीच्या वैद्यकीय मदतीचं प्रशिक्षण देतात आणि शनिवारी अँब्युलन्सवर पाठवतात. माझ्या पहिल्याच शनिवारी एक तरुण आमच्या डोळ्यांसमोर दगावला. सगळं शिकवल्याप्रमाणे केलं होतं, तरी गेला. त्यानंतर खोलीतल्या देवाच्या फोटोपुढे हात जोडायला मन होईना. हाक मारली तर ऐकतं कोण, असं वाटायचं. आईला मात्र फोनवर 'हो, लावतो दिवा' असं सांगत राहिलो.

पुढच्या शनिवारी मला आनेकलला जायचं होतं. तिकडची अँब्युलन्स बंद पडली म्हणून ऐनवेळी बसवनगुडीच्या गाडीवर बसवलं. तिथून एका आजींना घेतलं. फुफ्फुसांत पाणी साठलेलं, ओठ निळसर. सून मागून स्कूटरवर येत होती. आम्हाला शिकवणाऱ्या अक्का ऑक्सिजनचा मास्क लावायच्या आणि आजी तो ओढून काढायच्या. "ऑक्सिजन कमी पडला की माणूस बावचळतं. हात धर त्यांचे," अक्का कन्नडमध्ये म्हणाल्या. मी हात धरले. आजी काहीतरी पुटपुटत होत्या. अक्कांना ती बरळ वाटली. मी कान जवळ नेला, तर ती स्वच्छ मराठी होती.

"तोंड का बांधता रे माझं? रामाचं नाव घेऊ दे. आता नाही तर कधी घेऊ?"

मी म्हणालो, "आजी, तुम्ही श्वास घ्या, नाव मी घेतो."

त्यांनी मला न्याहाळलं. "तू? येतं का तुला?"

"येतं."

"मग मोठ्यानं म्हण. कमी ऐकू येतं मला."

मी म्हणू लागलो. त्यांचा श्वास सुटला की 'राम', पुन्हा सुटला की 'राम'. हळूहळू त्यांची बोटं सैल पडली. मास्क जागेवर राहिला. अक्कांनी मशीनवर चढत चाललेल्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "सरी, सरी. ठीक चाललंय, थांबू नकोस."

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आजींना सोपवलं, दार बंद झालं. पुढे काय झालं हे विचारत बसायचं नाही, अशी आमची शिस्त आहे. "दारापर्यंत आपलं. पुढचं आपल्या हातात नाही," अक्का म्हणाल्या आणि आम्ही पुढच्या कॉलला निघालो. ऑक्सिजननं गुण आला की नामानं, हे मला सांगता येणार नाही. पण पहिल्या शनिवारपासून त्या तरुणाला मी मनात घट्ट धरून बसलो होतो. त्यालाही त्या संध्याकाळी देवाकडे सोपवलं. खोलीवर येऊन दिवा लावला. काही मागितलं नाही. मला त्या गाडीवर बसवलं, एवढ्यासाठीच हात जोडले.

आजींचं काय झालं असेल, हे मात्र रोज मनात यायचं. काल अक्कांना त्या हॉस्पिटलात आजींचे कागद न्यायला आलेली सून भेटली. तिनं सांगितलं, आजी घरी गेल्या. स्वतःच्या पायांनी ऑटोत चढल्या, आणि गाडी हळू चालव म्हणून घरापर्यंत ऑटोवाल्याला रागावत होत्या.